गाऱ्हाण्यातलं नाव

हिरजीशेटच्या चाळीत बकुळा परबला स्वस्थ बसलेली कोणी पाहिली असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिच्या शेजारी-शेजारी दोन खोल्या होत्या, आणि बाई चूल, मोरी, गॅलरी आणि नळ या चारही ठिकाणी एकाच वेळी असते असं शेजारची जाईबाई शपथेवर सांगायची. नवरा दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. तो गेल्यावर बकुळाने रडारड आटोपती घेतली, पहिल्या खोलीत खानावळ घातली आणि मालवणकडच्या सात-आठ गिरणीवाल्यांना दोन वेळा जेवू घालून मुलाला, राजारामला, वाढवला. राजाराम बापाच्याच गिरणीत लागला. दुसऱ्या खोलीत रामजी राहायचा.

हा रामजी ना परबांच्या भावकीतला, ना गावचा. दत्तारामने एके दिवशी त्याला गिरणीतून बरोबर आणलं आणि बायकोला म्हणाला, "ह्यो हयच ऱ्हवतलो." झालं. त्यापुढे विचारायची सोय नव्हती. रामजी गिरणीच्या घडी खात्यात होता, कापडाच्या घड्या घालायचा, आणि ती सवय त्याच्या हाडीमासी खिळली होती. अंथरूण, वर्तमानपत्र, भाड्याच्या नोटा, काय हाताला लागेल त्याची चौघडी. बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेली, दुसरी केली नाही. दत्तारामला तो दादा म्हणायचा, बकुळाला वयनी, आणि ती त्याला भावजी. जेवायचाही तिच्याच पंगतीत.

मग राजारामचं लग्न झालं आणि गाडं अडलं. सून चंपा कणकवलीकडे सासरच्या घरी, चुलत दिराजावांच्या हाताखाली. तिला मुलगी झाली. आजीने ती एकदाच पाहिली, तीही झोपलेली. राजाराम दर महिन्याला विचारायचा, "आये, चंपेक कधी हाडूया?" आणि बकुळा दर महिन्याला भांडी घासायला घ्यायची. सुनेला आणायची कुठे? एका खोलीत गडी जेवतात, जेवून तिथेच लवंडतात. दुसरीत रामजी. राजारामच्या विचारण्याला हल्ली धार येऊ लागली होती. चंपाच्या भावाने तिकडे तिला माहेरी न्यायची भाषा सुरू केली होती, आणि कोकणातली माहेरी गेलेली सून परत आणायची म्हणजे काय असतं हे बकुळाला कोणी शिकवायला नको होतं.

खानावळीतल्या एका शहाण्याने तिला सांगितलं, "काकी, पोटभाडेकरू मुरलो की मुळासकट काढूचो लागता. सरळ वकील गाठा." बकुळाची बहीण गिरगावात राहायची. तिच्या वाडीत शामराव वकील होते. बाईने पदर खोचला, ट्राम पकडली आणि गिरगाव गाठलं. आठवड्याभरात रामजीला नोटीस आली. त्याने ती गॅलरीत उभं राहून वाचली, चौघडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि त्या दुपारी तो नेहमीसारखा जेवायला आला. बकुळाने वाढलं. मात्र त्यानेही वकील केला.

धोबीतलावच्या कोर्टात तारखा पडू लागल्या, आणि त्यातली एक पडली ती नेमकी छप्पन सालच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात जाणार, असं कळलं आणि लालबाग-परळ भडकलं. ट्रामा बंद, बसगाड्या बंद, नाक्यानाक्यावर पोलीस, वर संचारबंदी. बकुळा आदल्या दिवशीच बहिणीकडे येऊन राहिली होती. ती गल्लीबोळांतून चालत कोर्टात पोचली. रामजी पोचला नाही. तो भायखळ्याच्या पुलापर्यंत आला होता, तिथे त्याच्या खांद्यावर लाठी बसली आणि तो माघारी फिरला. कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा झाला, कोणी ओ दिली नाही, आणि एकतर्फी हुकूम झाला की रामजीने खोली खाली करावी.

शामराव खूश झाले. "बाई, नशीबवान आहात," म्हणाले. बकुळा घरी आली तेव्हा रामजी खांद्याला हळदीचा लेप लावून बसला होता. तो लेप कोणी दिला म्हणून तिने जाईबाईला विचारलं, आणि जाईबाई म्हणाली, "मी दिलंय. तू दिवचंस नाय म्हणान मी दिलंय." त्यावर बकुळाने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

पण नशीब एवढं सरळ कुठलं असायला? रामजीच्या वकिलाने अर्ज केला, की अहो, त्या दिवशी अर्धी मुंबई घरात कोंडली होती, हा माणूस येणार कसा? कोर्टाने हुकूम तसाच लोंबकळत ठेवला. पुन्हा साक्षी होतील, मग निकाल, आणि तोवर रामजीने राहावं, दरमहा पैसे मात्र भरत जावे. झालं, बकुळाची झोप उडाली. पैसे घ्यावेत तर त्याला ठेवून घेतल्यासारखं होतं, न घ्यावेत तर कोर्टाचा अवमान. ती पुन्हा गिरगावला धावली.

"पैसे घ्या," शामराव म्हणाले. "कोर्टानेच सांगितलंय. पण भाडं म्हणून नाही, नुकसानभरपाई म्हणून. निकाल लागेपर्यंत 'भाडं' हा शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये. आणि त्या पैशांखेरीज त्याच्याकडून तिळाएवढंही काही घ्यायचं नाही. पाणी नाही, भाजी नाही, नारळाचा तुकडा नाही. जेवायलाही वाढू नका. घेणंदेणं सुरू झालं की तो म्हणणार, बाईंनी मला पुन्हा घरात घेतलं."

"वकीलसायबांनू," बकुळा म्हणाली, "उद्या मी मेलंय तर त्येचो खांदो घेवचो की नाय?"

"ते तेव्हा बघू," शामराव म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पक्षकाराला बोलावलं.

त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांत जे सुरू झालं, त्याला संसार म्हणावं की पहारा, हे चाळीला कळेना. रामजीचं ताट बंद झालं. तो नाक्यावरच्या खानावळीत जेवू लागला. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे इकडे आमटीतल्या तिरफळाचा वास सुटला की तिकडे रामजी कामाशिवाय खोकायचा. बकुळाला तो खोकला घास घेऊ द्यायचा नाही. भावजी म्हणणं तिने सोडलं. काही सांगायचंच झालं तर राजारामला भिंतीशी उभं करून मोठ्याने म्हणायची, "त्येका सांग, मोरीत पाणी तुंबलाहा."

महिन्याच्या पहिल्या तारखेला रामजी उंबरठ्याबाहेर उभा राहायचा आणि नोटांची चौघडी उंबरठ्यावर ठेवायचा. बकुळा ती उचलायची आणि वकिलाने शिकवलेलं घोकायची, "नुकसानभरपाई पावली."

पहिल्या वेळी रामजीने विचारलं, "वयनी, नुकसान कसला केलंय गो मी तुझा?"

ती आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. दत्ताराम असल्यापासून पहाटेचा हंडा रामजी भरायचा, कारण बकुळाचे गुडघे. आता बाई स्वतः नळावर जायची, जिन्यात दर पायरीला थांबायची, आणि मागून रामजी रिकाम्या हातांनी हंडा घ्यायला आला की दात-ओठ खात वेग वाढवायची. एकदा त्याने गावाहून आलेले सुके बांगडे आणि सोलं पितळी डब्यात घालून तिच्या दाराशी ठेवले. डबा आत घेतला तर खटला बुडाला. उचलून परत दिला तर माणसाच्या तोंडावर मारल्यासारखं. बकुळा त्या डब्याभोवती सबंध सकाळ फेऱ्या मारत राहिली. शेवटी जाईबाईच्या मांजरीने झाकण पाडलं आणि बांगडे नेले. बकुळाने हुश्श केलं आणि नंतर तेवढ्यासाठीच तिला रडू आलं. बांगडे चांगले होते, आचऱ्याचे.

सगळं लालबाग तेव्हा एकच गोष्ट ओरडत होती, की मुंबई आमची, आम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही. राजाराम मोर्चात जायचा, घसा बसवून घरी यायचा. एका संध्याकाळी तो गॅलरीत उभा राहून सांगत होता की मराठी माणूस या शहरातून हुसकला जाणार नाही, तेव्हा भाजी निवडणारी जाईबाई मान वर न करता म्हणाली, "रामजीक धरून सांगतस, की सोडून?" राजाराम लाल झाला. बकुळाने फाटकन दार लावून घेतलं. हे असलं बोलणं तिला झोंबायचं, कारण ते तिच्या मनात आधीच येऊन गेलेलं असायचं. पण मग डोळ्यांपुढे ती झोपलेली नात यायची, आणि बाई पुन्हा कंबर कसायची. तीही काय कोणाचं वाईट करायला निघाली नव्हती. तिला स्वतःच्या घरात स्वतःची सून हवी होती.

असे दिवस ढकलता ढकलता गणपती आले.

कोकणातला माणूस गणपतीला गावी जातो, पण दत्तारामचं एके काळी भावांशी फाटलं होतं आणि तेव्हापासून त्याने गणपती इथे, पहिल्या खोलीतच आणायला सुरुवात केली होती. आरती झाली की गाऱ्हाणं. म्हणजे घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून घरादाराचं सुखदुःख मोठ्याने त्याच्या कानावर घालतो, एकेकाचं नाव घेऊन रक्षण कर म्हणून सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून रुकार देतात. गाऱ्हाणं अर्धवट राहू नये, आणि त्यात बोललेलं मागे घेऊ नये. देवाला एकदा सांगितलं ते सांगितलं. दत्तारामचं गाऱ्हाणं ऐकायला खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे. तो गेल्यावर ते काम रामजीकडे आलं. त्याचा आवाज बरा होता. पण तो आपलं नाव गाळायचा. चारचौघांत स्वतःसाठी मागायची त्याला लाज वाटायची.

यंदा रामजीने गाऱ्हाणं घालणं शक्यच नव्हतं. बकुळाने राजारामला बजावलं होतं आणि त्यानेही पाठ केलं होतं. आरती संपली. खानावळीतले गडी, शेजारीपाजारी, सगळे हात जोडून उभे राहिले. गॅलरीत, दाराच्या चौकटीपलीकडे, रामजी होता. हातात नारळ होता, पण त्याचं आत यायचं चिन्ह दिसत नव्हतं.

"बा देवा गणपती म्हाराजा!" राजाराम म्हणाला.

"होय म्हाराजा!"

"आज... आज जी काय तुझी..." राजाराम थांबला. ज्याला मोर्चात हजार माणसांपुढे ओरडता येत होतं, त्याची वाचा त्या वीतभर मूर्तीपुढे बसली. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकला. माणसं वाट पाहत राहिली. गड्यांपैकी एकाने नकळत दाराकडे, रामजीकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. बकुळाच्या अंगाची आग झाली. ती पुढे झाली, मुलाला कोपराने बाजूला सारलं आणि पदर डोक्यावरून घेऊन बोलू लागली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं त्या चाळीत कोणी ऐकलं नव्हतं, पण तिने दत्तारामचं वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि तिच्या तोंडून तेच येऊ लागलं, त्याच चालीत.

"आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"माझ्या राजारामाक हातापायान सुखी ठेव. गावाक आसलेली चंपा आणि तिचा चेडू, त्येंका सांभाळ आणि आपल्या घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या घरातलो आमचो रामजी, त्येका आवस नाय, बापूस नाय, ह्या घराशिवाय त्येका दुसरो आसरो नाय, त्येका ह्याच घराच्या सावलेत ठेव रे म्हाराजा!"

शब्द गेले आणि तिला कळलं. हे वाक्य दत्तारामचं होतं, जसंच्या तसं. तो दरवर्षी घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायचा आणि शेवटी हे म्हणायचा, आणि तिची जीभ त्या जुन्या वाटेने आपोआप चालत गेली होती. मग जाईबाईने गळा काढला, "होय म्हाराजा!" आणि सगळ्या गड्यांनी तो इतक्या जोराने उचलला की समई हलली.

रामजी आत आला. त्याने नारळ मूर्तीपुढे ठेवला, नमस्कार केला आणि मान खाली घालून उभा राहिला. देवापुढचा नारळ कोणाच्या बापाला नाकारता येत नाही. बकुळाने तो फोडला आणि रीतीप्रमाणे अर्ध्या नारळाची कवड त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी ती शामरावांकडे गेली आणि चोरी केल्यासारखी सगळं सांगून मोकळी झाली. शामराव मनापासून हसले. "अहो बाई, एवढंच ना? कोर्टाला तुमचं गाऱ्हाणंबिऱ्हाणं समजत नाही. देवापुढे काय बोललात ते देवापाशी. कुणाला सांगत मात्र फिरू नका. त्याचा वकील विचारेल की तुमचे यजमान ह्याला घरातला माणूस मानत होते का, तर म्हणायचं, मला ठाऊक नाही. बस्स. तुमची खोली कुठे जात नाही."

हे ऐकायलाच ती आली होती, मग बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गिरगावातून परत येताना ती दोन थांबे आधीच ट्राममधून उतरली आणि उन्हात चालत सुटली. रामजी आजवर एकच गोष्ट सांगत आला होता, की दादाने मला हयातभर राहा म्हणून सांगितलं. तिला वाटायचं, मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवतोय. आणि दत्ताराम तर ते दरवर्षी देवापुढे सांगत होता! ती तिथेच, त्याच्या पाठीशी, हात जोडून उभी असायची. आणि दरवर्षी सगळ्यांच्या बरोबर होय म्हाराजा म्हणायची.

त्यात जाईबाईने आणखी तेल ओतलं. नळावर पाण्याची वाट पाहता पाहता ती म्हणाली, "रामजीच्या वकिलाक गाऱ्हाण्याची गजाल कोणीतरी सांगली. तो म्हणालो, चाळीतले साक्षीदार आण, खटलो खिशात. तर रामजी म्हणता, मी देवाक कोर्टात हाडूचंय नाय."

"कित्याक?" बकुळाने विचारलं.

"म्हणता, वयनीची जीभ चुकली, त्येचो फायदो कसलो घेवचो."

बकुळाचा हंडा भरून वाहू लागला तरी तिने नळ बंद केला नाही. मागच्या बाईने ओरडल्यावर ती भानावर आली. शत्रू शत्रूसारखा वागला असता तर किती सोपं झालं असतं. हा माणूस तिला धड रागावूही देत नव्हता.

साक्षीचा दिवस उजाडला. राजाराम खाडा करून बरोबर आला. चंपाला दसऱ्यानंतरच्या बोटीने आणायचं असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. कोर्टात पंखा फिरत होता आणि तरी बकुळाच्या पाठीवरून घाम वाहत होता. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. शामरावांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना तिने पढवल्याप्रमाणे उत्तरं दिली. मग रामजीचा वकील उठला. पोरसवदा, कोटाची बाही झिजलेला. रामजी साक्षीदार देईना, त्यामुळे त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि तो उगाच अंधारात दगड मारत होता.

"तुमच्या यजमानांनी कधी चारचौघांत म्हटलं होतं का, की रामजी ह्याच घरातला आहे, ह्याच घरात राहील?"

तिने समोर पाहिलं. शामराव कागद चाळत होते. राजाराम बाकावर पुढे सरकून बसला होता. रामजी तिच्याकडे बघतच नव्हता. तो मांडीवरच्या रुमालाला घडी घालत होता. 'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द होते, आणि ते म्हणाली असती तर या जगात तिला खोटी म्हणणारा कोणी नव्हता. सून आली असती. नात मांडीवर खेळली असती. तिने तोंड उघडलं.

"होय म्हाराजा," ती म्हणाली.

कोर्टात हसू फुटलं. कारकून म्हणाला, "साहेब म्हणा, बाई."

न्यायाधीश हसले नाहीत. "कुठे म्हणाले होते?"

"देवाम्होरां. दरवर्सा," बकुळा म्हणाली, आणि रडायला लागली. "आणि मीय होय म्हणलंय, सायबांनू. मीय होय म्हणलंय."

एकतर्फी हुकूम रद्द झाला आणि खटलाही गुंडाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर शामराव म्हणाले, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात," आणि छत्री उघडून चालू लागले. राजाराम तेवढ्याने थांबला नाही. भर रस्त्यात तो तिला म्हणाला, "माझ्या बायलेपरास तुका तो मोठो झालो?" आणि निघून गेला. पुढचे कित्येक दिवस तो मित्राकडे नायगावला राहिला आणि घरी फक्त कपडे न्यायला आला. बकुळाला खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. तिला फक्त वाटलं की आपण पोराचा संसार मोडला. स्वयंपाकात ती दोनदा मीठ घालू लागली. गडी मुकाट्याने जेवत.

दसऱ्यानंतर एका सकाळी रामजी दाराशी आला. पहिली तारीख नव्हती, हातात नोटा नव्हत्या. "वयनी," तो म्हणाला, "पावस सरलो, बोटी सुरू झाले. चंपेक बोलावून घे."

"आणि ठेवू खय? तुझ्या डोकीर?" बकुळा भडकली. नऊ महिन्यांत ती त्याच्याशी थेट पहिल्यांदाच बोलत होती.

"ती माझी खोली घे. माका गॅलरीत पथारी पुरे. निस्ती ट्रंक ठेवूक कोपरो दी."

बकुळाच्या हातातला डाव खाली पडला. तिला आनंद झाला नाही, संताप आला. "मगे... मगे मेल्या, ह्या आदी सांगूक काय झाला व्हता तुका? वर्सभर कोर्टाच्या पायरे झिजवलंस, माजो जीव खाल्लंस!"

रामजी खालमानेने अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "तू आदी इचारलंस खय, वयनी? तू नोटीस धाडलंस. खोली मागलंस आसतंस तर त्याच दिवसा दिलंय आसतंय. भायर काढूक लागलंस, म्हणान ऱ्हवलंय."

बकुळा मटकन पाटावर बसली. चुलीवर आमटी उतू गेली, तरी ती उठली नाही. अख्ख्या चाळीने नंतर सांगितलं, की बकुळाकाकीला बसलेली त्यांनी त्या दिवशी पाहिली.

चंपा आली. भाऊच्या धक्क्यावर तिला आणायला राजाराम गेला, आणि तिची ट्रंक डोक्यावर घेऊन जिना चढला रामजी. मुलगी सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आजीला बघून तिने भोकाड पसरलं. राजारामचा रुसवा लगेच गेला असं नाही. रामजीशी तो पुढेही तुटकच वागायचा, आणि गॅलरीतली थंडी रामजीच्या छातीला फारशी मानवली नाही. पण ताट पुन्हा सुरू झालं. त्याच्या ताटात बांगड्याचा नेहमी डोक्याकडचा, चवीचा तुकडा पडायचा, आणि तो तसा का पडतो हे कोणी विचारत नसे.

मग पहिली तारीख आली. रामजी सवयीने उंबरठ्याबाहेर उभा राहिला आणि नोटांची चौघडी उंबरठ्यावर ठेवून ओठांच्या कोपऱ्यात हसत म्हणाला, "नुकसानभरपाई."

बकुळाने ती उचलली नाही. पदराला हात पुसले, उंबरठ्यापाशी आली आणि तळहात पुढे केला. रामजीला वाकून नोटा उचलाव्या लागल्या आणि तिच्या हातावर ठेवाव्या लागल्या.

"भाडा," ती म्हणाली. जाईबाईला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच. "भाडा म्हणा, भावजी. आणि अर्धेच दिया. गॅलरीचा कसला पुरा भाडा."

तिने चौघडीतल्या अर्ध्या नोटा काढून त्याला परत केल्या, आणि उरलेल्या त्याच घडीत दत्तारामच्या तसबिरीमागे ठेवून ती हंडा घेऊन निघाली. रामजीने तो तिच्या हातातून काढून घेतला. या वेळी तिने सोडला.